गाळ्याची फरशी: स्क्वेअर फुटाचा नाही, वर्षाचा भाव काढा



घराखालच्या गॅरेजमध्ये किंवा पार्किंगमध्ये धंदा सुरू करायचा विचार आहे? कामतघरमध्ये असे गाळे गल्लोगल्ली दिसतात. कुणी कापडाचं पॅकिंग करतं, कुणी शिलाई मशीन टाकतं, कुणी टू-व्हीलर रिपेअर करतं. आपण मशीन, बोर्ड, लायटिंग सगळं ठरवतो आणि फरशी मात्र "मिस्त्री सांगेल ती". पावसाळ्यात खालून ओल आली, तागे डागले आणि पार्टीने माल परत केला, की मग फरशी आठवते. म्हणून आजचा धडा फरशीचा.

१. आधी ओल तपासा

साधारण दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक घ्या. जमिनीवर ठेवून चारही कडा टेपने घट्ट चिकटवा. किमान १६ तासांनी उचला. खाली पाण्याचे थेंब दिसले किंवा जमीन काळपट पडली, तर ओल खालून येतेय. शक्य असेल तर ही टेस्ट पावसाळ्यात करा. ओल असताना वर इपॉक्सी मारला तर त्याला फोड येतात आणि तो सुटतो. अशा वेळी आधी खालचा बंदोबस्त करायचा, म्हणजे जाड प्लास्टिक शीट आणि त्यावर नवीन काँक्रीट. नव्या काँक्रीटला निदान ७ दिवस पाणी मारा आणि इपॉक्सीसाठी २८ दिवस थांबा. त्यानंतरही टेस्ट पुन्हा करा.

२. कामाप्रमाणे फरशी निवडा

- पॅकिंग, शिलाई: कोटा लादी चांगली. झिजली तर पुन्हा पॉलिश होते. पण हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड सांडलं की डाग कायमचा.
- टू-व्हीलर रिपेअर: तेल, ग्रीस, बॅटरीचं पाणी सांडणारच. जमीन कोरडी असेल तर इपॉक्सी सोयीचा, पण त्यात खरखरीत वाळू टाकून घ्या, नाहीतर पाय घसरेल.
- गाडी लावणे, जड माल: चांगला कोबा किंवा जाड पार्किंग टाईल्स. टाईल्सच्या खाली पोकळी राहिली की वजनाने तडकतात. बसवल्यावर नाण्याने ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर पेमेंट थांबवा!

आणि उतार विसरू नका. १० फुटांना साधारण सव्वा इंच, दरवाजाच्या दिशेने.

३. आता हिशोब

समजा गाळा १५० स्क्वेअर फूट आहे आणि बंद राहिला तर रोजचे ८०० रुपये बुडतात. आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले भाव टाका.

स्वस्त कोटिंग: ४० रुपयांनी ६,००० रुपये. टिकलं २ वर्षं. प्रत्येक वेळी ५ दिवस काम बंद, म्हणजे आणखी ४,०००. वर्षाचा खर्च ५,००० रुपये.

कोटा लादी: ९० रुपयांनी १३,५०० रुपये. १० दिवस बंद, म्हणजे ८,०००. टिकली १० वर्षं. वर्षाचा खर्च २,१५० रुपये.

बघितलंत? जी महाग वाटत होती, तीच निम्म्याहून स्वस्त पडली.

पण थांबा! गाळा भाड्याचा असेल आणि ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असेल, तर हाच हिशोब उलटतो. ते १३,५०० रुपये ११ महिन्यांत वाटले तर महिन्याला १,२२७ रुपये पडतात, आणि जाताना लादी मालकालाच राहते. अशा वेळी रबर मॅट आणि लाकडी पॅलेट घ्या. उचलून पुढच्या गाळ्यात नेता येतात. पक्की फरशी टाकायचीच असेल तर मालकाशी भाड्यात वजावट ठरवा, आणि ती लेखी घ्या.

आजचा गृहपाठ: प्लास्टिकची टेस्ट लावा, दोन मिस्त्रींकडून लेखी कोटेशन घ्या आणि प्रत्येक पर्यायाचा वर्षाचा भाव वहीत लिहा. मशीनची ऑर्डर त्यानंतरच द्या. कारण मशीन एकदा बसलं की त्याच्या खालची फरशी बदलायला सगळा धंदाच उचलावा लागतो.