तोरणमाळचा मुक्काम आणि मुलांची तब्येत

नाताळची सुट्टी जवळ आली की नवापुरातले आईबाप विचारू लागतात, "डॉक्टर, तोरणमाळला तंबूत राहायचं ठरलंय, पोरांसाठी कोणती औषधं नेऊ?" कुणाचा बेत सापुताऱ्याचा असतो, कुणाचा डांगच्या जंगलातला. औषधांचं बोलूच. पण त्याआधी मी उलट विचारतो, "पोरांची सिकलसेलची तपासणी झाली आहे का?"

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न आधी विचारायलाच हवा. भिल्ल, मावची, कोकणा, पावरा अशा समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो आणि घरात कुणाला ठाऊक नसताना मुलात असू शकतो. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली की या मुलांच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पोट, छातीत असह्य कळा सुरू होतात. आता तोरणमाळचा मुक्काम डोळ्यांपुढे आणा. घाटात ओकाऱ्या, थंडीमुळे पाणी पिण्याचा कंटाळा, दिवसभर हुंदडणं आणि ११०० मीटरहून उंचावरची डिसेंबरची रात्र. कळा उठवणारी सगळी कारणं एकाच दिवसात जमतात.

म्हणून तपासणी झाली नसेल तर निघण्याआधी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमच सुरू आहे. मूल नुसतं वाहक म्हणजे 'एएस' निघालं तर खुशाल न्या, फक्त पाणी भरपूर पाजा आणि चढावर दमछाक होऊ देऊ नका. 'एसएस' म्हणजे प्रत्यक्ष आजारच असेल तर आधी त्याच्या डॉक्टरांशी बोला. माझं मत विचाराल तर अशा मुलाला तंबूत झोपवू नये; पक्क्या खोलीत मुक्काम करावा. यशवंत तलावाच्या गार पाण्यात त्याला उतरवू नका, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असेल तर सहलीतही डोस चुकवू नका. १०१ अंशांवर ताप गेला, छातीत दुखलं, धाप लागली किंवा मूल अचानक पांढरंफटक पडलं तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.

बिबट्याची भीती सगळ्यांना वाटते, मला जमिनीवरच्या अंथरुणाची वाटते. मण्यार रात्री फिरते, झोपलेल्या माणसाला चावते आणि तो दंश अनेकदा कळतही नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे मूल पोटात दुखतं म्हणतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास अडतो. थंडीत साप कमी दिसतात हे खरं, पण हीच सहल मे-जूनमध्ये काढणारेही आहेत. खाट मिळाली तर उत्तम. नाहीतर तळ शिवलेला, चेन पूर्ण लागणारा तंबू घ्या. मच्छरदाणी असेल तर कडा गादीखाली खोचा. अंधारात मुलाला लघवीला नेताना बॅटरी हवीच, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण विंचूही तिथेच दडतो. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन प्रभावी ठरतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं. मात्र ते रुग्णालयातच द्यायचं. चावा कोणाचाही असो, चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय फळीला टेकवून स्थिर ठेवा आणि निघा. भगतावर तुमची श्रद्धा असेल तर ती दवाखान्यातून परतल्यावर सांभाळा. सर्पदंशावरचं प्रतिविष सर्वांत जवळ कुठे मिळतं हे जाण्याआधीच विचारून ठेवा, कारण डोंगरात रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायला रेंज मिळेलच असं नाही.

थंडी वाजते म्हणून पेटती शेगडी तंबूत घेणं मात्र जिवावर बेततं. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतली माणसं झोपेतच जातात. ऊब हवी तर कानटोपी, मोजे आणि दोन पातळ स्वेटर एकावर एक.

पाणी घरून न्या, संपलं तर उकळून प्या. झरा कितीही नितळ दिसो, वरच्या अंगाला गुरं उतरलेली असतात. जेवण तिथेच शिजवून गरम खा. आपल्या नवापुरी तूरडाळीची खिचडी असताना सकाळचा पुलाव रात्री खाण्याचं कारण नाही. घाटात ओकणाऱ्या मुलाला उपाशीही नेऊ नका आणि तुडुंब खाऊ घालूनही नाही. निघण्याआधी थोडी भाकर पुरे.

आता पिशवी. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच कालवायची, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नाही. तापासाठी पॅरासिटामॉल, एका वेळी वजनाच्या दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. बाटलीवर ५ मिलीत १२५ आहे की २५० हे वाचा; चुका इथेच होतात. दमा असेल तर पंप आणि स्पेसर. जखमेसाठी साबण, स्वच्छ पट्टी, चिकटपट्टी. खोकल्याचं औषध मनाने देऊ नका. २०२५ मध्ये छिंदवाड्यात भेसळीच्या सिरपने मुलं दगावली, हे ताजं आहे.

तलावाकाठी एका मोठ्या माणसाने फक्त मुलांकडे पाहायचं, हातात मोबाइल नको.

परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना "आम्ही जंगलात झोपलो होतो" हे सांगायला विसरू नका. मलेरिया किंवा गवतातल्या किड्यांचा स्क्रब टायफस त्यावरून लवकर ओळखता येतो. मुलाच्या काखेत, जांघेत, कानामागे जळल्यासारखा काळा डाग दिसला तर तोही दाखवा.