बोट शाकारण्यापूर्वी इंजिनाकडे पाहा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मिरकरवाडा, हर्णैचे आपले भाऊ बोटी शाकारतात, इंजिन मात्र तसेच राहते. नवे तेल ऑगस्टमध्ये टाकू, असा बऱ्याच जणांचा हिशेब. तो उलटा आहे. जळालेल्या तेलात डिझेलमधील गंधकाचे आम्ल उतरलेले असते. बंद इंजिनात ते बेअरिंग खाते. म्हणून शेवटच्या फेरीनंतर, इंजिन गरम असतानाच तेल काढा, फिल्टर बदला. नवे तेल भरून पाच मिनिटे गोड्या पाण्यावर चालवा, मग बूच उघडून सारे पाणी सोडा. खारे पाणी आत राहिले तर लोखंड सडते. टाकी डिझेलने भरून ठेवा. पैसा अडकतो खरा, पण रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी धरते. पंपाचा रबरी पंखा आणि बॅटरी घरी आणा.