चेहरा सोलला नाही, म्हणून रागावू नका

"डॉक्टर, साल निघालीच नाही. पैसे वाया गेले का?" सौम्य केमिकल पील करून गेलेले पेशंट हमखास हे विचारतात. नाही हो, वाया गेले नाहीत. ग्लायकोलिक किंवा मँडेलिक अॅसिडच्या वरवरच्या पीलनंतर बारीक कोंडा सुटतो, कित्येकदा तोही जाणवत नाही. जितकी आग, जितकी साल, तितका गुण, हा समज आधी डोक्यातून काढा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला तो फार महागात पडतो. ही त्वचा भाजली की रंगद्रव्य जास्त बनवते. मग घालवायच्या डागाहून गडद डाग महिनोन्‌महिने मुक्काम करतो.

मध्यंतरी एक मुलगी आली, लग्न तोंडावर. तीस टक्क्यांच्या अॅसिडची बाटली ऑनलाइन मागवली, चुरचुरतंय म्हणजे काम होतंय असं समजून अर्धा तास चेहरा धुतलाच नाही. गालांवर तपकिरी चट्टे, त्यावर कुणाच्या तरी सल्ल्याने चोळलेलं लिंबू! खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर मेडिकलमधून आणलेलं 'गोरं करणारं' क्रीम लावत होती. त्यात स्टेरॉइड होतं. ही क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात, तरी सर्रास दिली जातात. त्यांनी त्वचा पातळ होते. अशा चेहऱ्याला आधी सावरायचं असतं, पील नंतर.

मुरूम, मुरमांचे काळे डाग, वरवरचा काळपटपणा यांना पीलचा उपयोग होतो. वांग फिका पडतो, पण ऊन टाळलं नाही तर परत येतो. खोल खड्डे सौम्य पीलने भरत नाहीत, आणि गोरेपणा कुठल्याच पीलने येत नाही.

गरोदर असाल, अॅस्पिरिनची अॅलर्जी असेल, आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, ओठांवर वरचेवर पाण्याचे फोड येत असतील किंवा जखमेचे व्रण फुगत असतील, तर ते न विचारता सांगा. रेटिनॉल लावत असाल तर तेही. लपवू नका, त्यावरच पील ठरतं. काम दिवसभर उन्हातलं असेल तर मी सहसा थांबायलाच सांगते.

पीलनंतर एक-दोन दिवस लाली आणि ताण राहतो, त्याला घाबरू नका. सुटणारी साल ओढू नका, सनस्क्रीन चुकवू नका. मात्र फोड, पिवळट खपली, पू, वाढती ठणक किंवा नवा काळपटपणा दिसला, तर हळद-बेसन-कोरफडीचे प्रयोग न करता त्याच दिवशी दाखवायला या. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून उत्तराची वाट बघत बसू नका.