इंजिन बंद, प्रेशर फुल

बोटीच्या ऑइल प्रेशरचा काटा खाली आला की मेकॅनिकच्या तोंडून पहिला शब्द निघतो ‘बेअरिंग’. मग ‘खोलना पड़ेगा’. मग आकडा. आमच्या बोटीतलं डिझेल इंजिन ट्रकच्या घराण्यातलं, आणि जबलपूर म्हणजे ट्रकच्या इंजिनाचं माहेर. वाहन निर्माणीत शक्तिमान बनायचे तेव्हापासून इथं गल्लोगल्ली इंजिन बांधणारे हात तयार झाले. म्हणून सर्व्हिसिंगला शहरातलं एक नावाजलेलं वर्कशॉप निवडलं. नाव लिहीत नाही, लिहिलं तर त्यांची फुकटात जाहिरात व्हायची.

बोट का घेतली? बरगीच्या जलाशयावर बरगीनगरहून पायलीच्या बाजूला जायचं तर रस्त्यानं वळसा आहे आणि पाण्यानं सरळ, इतकं कारण पुरे.

सर्व्हिसिंगला देण्याआधी काटा ठीक होता. बोट परत आली आणि पहिल्याच फेरीत तो अर्ध्याच्याही खाली. ऑइल डिपस्टिकवर बरोबर खुणेला. तापमान नेहमीचं. आवाज नेहमीचा. वर्कशॉपच्या मालकाला फोन केला तर गडी न बघताच म्हणाला, “बेअरिंग गई बड्डे.” जबलपुरात सगळेच सगळ्यांचे बड्डे, म्हणजे थोरले भाऊ, असतात, त्यामुळे रागावताही येत नाही. मी म्हटलं, बेअरिंग गेलं असतं तर लोड आल्यावर खालून ठकठक ऐकू आली असती, ती कुठाय? त्यावर त्याचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलंय: “आवाज बाद में आएगा.”

म्हणजे आधी पैसे आणि नंतर आवाज.

इंजिन खोलायला मी नकार दिला. चांगल्या इंजिनाला पाना लागला की ते पुन्हा तसं बसत नाही, हे मी कुणाकडून शिकायला गेलो नव्हतो. मग स्वारी जरा नरमली. “ठीक है, मीटर-सेंसर बदल लो, तसल्ली हो जाएगी.” तसल्ली कुणाची हे तेव्हाच विचारायला हवं होतं त्याला. सामान त्यांनीच आणलं, त्यांच्याच पोरानं बसवलं. मीटर एका डब्यातलं, सेंसर, म्हणजे सेंडर, दुसऱ्या डब्यातला. “दोनों सेम है,” पोरगं म्हणालं.

आता जे सांगतो ते नीट वाचा, कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे. बोट काठाला बांधलेली. पोरानं किल्ली एक घर फिरवली, स्टार्टरला हात लावला नव्हता. नवीन मीटरचा काटा शून्यावरून उठला, अर्धं ओलांडलं आणि सरळ शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. इंजिन बंद. पंप बंद. ऑइल तळाच्या संपमध्ये निवांत पडलेलं. आणि प्रेशर फुल! पोरगं खुशीत माझ्याकडे बघतंय. “देखा, नया मीटर कैसा उठा!” मग त्यानं स्टार्टर मारला. काटा खाली आला. थ्रॉटल पुढं केला, काटा आणखी खाली. जसजसा वेग वाढेल तसतसा तो खाली. मालकाला फोन लावला. तो म्हणाला, “नई चीज है, बैठ जाएगी.”

उलटा बसलेला काटा कसा बसणार, ते त्यानं मला आजवर समजावलेलं नाही.

यातली गोम साधी आहे. काटा ऑइलचं प्रेशर स्वतः मोजत नाही. मोजतो सेंडर, म्हणजे इंजिनाच्या अंगात बसवलेला तो पितळी बोंडासारखा तुकडा. प्रेशर बदललं की त्याचा विजेला होणारा रोध बदलतो आणि मीटर तो रोध वाचतं. बाजारात यांची दोन मोठी घराणी आहेत. एकात शून्य प्रेशरला सुमारे 240 ओहम आणि पूर्ण प्रेशरला 33. दुसऱ्यात शून्याला 10 आणि पूर्णाला 180 च्या आसपास. एकात प्रेशर वाढलं की रोध उतरतो, दुसऱ्यात चढतो. आमच्या बोटीत पहिल्या घराण्याचं मीटर आणि दुसऱ्या घराण्याचा सेंडर यांचं लग्न लावून दिलं होतं. बंद इंजिनाला सेंडर 10 ओहम देणार, आणि त्या मीटरच्या हिशेबात 33 च्या खालचं सगळं फुल.

हसू येईल, पण बरगीचा जलाशय म्हणजे 75 किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. पाणी पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 422.76 मीटर, आणि मधोमध गेलात की दोन्ही काठ लांब. तिथं ऑइलची नळी फुटली असती तर काटा फुलला जाऊन टेकला असता, चालवणारा निर्धास्त राहिला असता आणि इंजिन जाम होईपर्यंत पत्ता लागला नसता. उन्हाळ्यातल्या दुपारी वारा सुटलेला असताना बंद बोट घेऊन तिथं तरंगून बघा. मीटरच नसतं तर माणूस निदान कान उघडे ठेवतो.

खरं काय ते शेवटी मीच काढलं. कारखान्यातल्या जुन्या मित्राकडून साधं मेकॅनिकल प्रेशर गेज आणलं, नळीनं थेट ऑइल घेणारं. त्याला ना वायर लागते ना अर्थिंग. आत वाकवलेली नळी असते, प्रेशरनं ती सरळ व्हायला बघते आणि काटा ओढते. फ्रान्सच्या बूर्दोंनं 1849 मध्ये काढलेली युक्ती आहे, अजून तिला तोड नाही. सेंडरच्या जागी हे बसवून इंजिन गरम केलं. आयडलला दीड बार, चालत्या वेगाला साडेतीन. बेअरिंग ठणठणीत.

मग पहिला काटा का पडला होता? जुना सेंडर हातात घेतला तर आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे जाड वेढे. सर्व्हिसिंगमध्ये त्यांनीच काढून घालताना गुंडाळलेले. या सेंडरला एकच वायर असते, परतीचा रस्ता अंगातूनच, म्हणजे आट्यांमधून इंजिनाच्या धातूत. टेपनं तो रस्ता अडवला, रोध वाढला आणि जुनी जोडी पहिल्या घराण्यातली असल्यामुळे काटा पडला. एखाददुसऱ्या वेढ्याला आटे कापून जातात, पण या पठ्ठ्यानं नळाची तोटी बसवावी तसा तो बसवला होता. टेप खरवडून जुना सेंडर घातला, जुनं मीटर जोडलं. काटा जागेवर. नवं मीटर आणि नवा सेंडर माझ्या कपाटात आहेत, कारण ‘बिजली का सामान वापस नहीं होता’.

तुमच्यावर ही वेळ आली तर पुढचं करा. काटा पडला की सगळ्यात आधी इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा. मीटर खोटं बोलतंय हे ठरवायचं काम काठाला आल्यावर. एरवी रोज किल्ली फिरवली की स्टार्ट करण्यापूर्वी काट्याकडे बघा. ऑइल प्रेशर शून्यावर हवं, नसेल तर दोर सोडू नका. सेंडरची वायर काढून सेंडरचं टोक आणि इंजिनाचा धातू यांत मल्टीमीटर लावा. इंजिन बंद असताना 240 च्या जवळ आलं तर एक घराणं, 10 च्या जवळ आलं तर दुसरं. मग सुटी केलेली ती वायर क्षणभर इंजिनाला टेकवा. पहिल्या घराण्याचं मीटर चांगलं असेल तर फुलला जाईल, दुसऱ्याचं शून्याला. वायर मोकळी ठेवलीत की याच्या उलट. पेट्रोलची बोट असेल तर मात्र ठिणगीचे हे खेळ वाफा पूर्ण बाहेर काढल्याशिवाय अजिबात करू नका. आणि दिवा लावणारा ऑइल स्विच व काटा हलवणारा सेंडर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, काउंटरवरचा माणूस काहीही म्हणो. मीटर 12 व्होल्टचं की 24 चं, तेही डब्यावर वाचा.

तापमानाच्या काट्याचा संशय असेल तर सेंडर उकळत्या पाण्यात धरून बघता येतो. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास उंच, त्यामुळे इथं पाणी 100 च्या थोडं आधी उकळतं, तेवढी सूट द्या. डिझेलच्या काट्यावर मी कधीच विश्वास ठेवला नाही, टाकीत पट्टी घालून बघतो.

बाकी नेहमीचंच. पावती घ्या, जुना सुटा भाग परत मागा, काम देण्याआधी फोटो काढा. मेकॅनिकचं नाव मोठं आहे म्हणून मान डोलवू नका.

घरगुती वापराची बोट असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. 2019 च्या कायद्यानं तक्रारीला दोन वर्षांची मुदत दिली आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी 1915 या हेल्पलाइनवर नोंदवून बघा. धंद्यासाठी वापरत असाल तर वेगळं, पण स्वतःचं पोट त्यावरच भरत असेल तर तेही कायद्यात बसतं.

मी वर्कशॉपला लेखी पत्र दिलं आहे. मजुरी आणि सामानाचे पैसे अजून आलेले नाहीत. पावती जपून ठेवली आहे आणि मुदत संपायला अवकाश आहे.