बारा तासांची शर्यत

(खेळाच्या बदल्यात पैसे न घेता केवळ आवडीसाठी खेळणाऱ्याला हौशी खेळाडू म्हणतात. इंग्लंडमधील बेरिल बर्टन ही अशीच एक हौशी सायकलपटू होती. शेतावर मजुरी करून आणि घरसंसार सांभाळून ती शर्यतींत भाग घेई. तिच्या १९६७ सालच्या हंगामाची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

सायकल म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवलेली दूधवाल्याची सायकल, पहाटे पेपर टाकणाऱ्या मुलाची सायकल, किंवा डबलसीट बसून शाळेला निघालेले दोघे भाऊ. आपल्याकडे सायकल हे गरजेचे वाहन आहे. अशाच दोन चाकांवर एका बाईने एका दिवसात, बारा तासांत, सुमारे ४४६ किलोमीटर अंतर कापले. मुंबईहून निघालेला माणूस कोल्हापूर मागे टाकून पुढे जाईल, एवढे हे अंतर! त्या दिवशी रस्त्यावर असलेल्या एकाही पुरुषाला तिच्याइतके अंतर कापता आले नाही. त्या बाईचे नाव बेरिल बर्टन.

बेरिलचा जन्म १२ मे १९३७ रोजी इंग्लंडमधील लीड्स या शहरात झाला. त्या काळी तिकडे अकराव्या वर्षी मुलांची एक मोठी परीक्षा होत असे. कोण चांगल्या शाळेत जाणार हे त्या एका परीक्षेवर ठरे. बेरिल त्या परीक्षेत नापास झाली. त्याच सुमारास तिला संधिवाताच्या तापाने गाठले. या आजारात सांधे तर दुखतातच, पण हृदयालाही धोका पोहोचतो. ती नऊ महिने रुग्णालयात पडून होती. पुढेही कित्येक महिने तिला घराबाहेर विश्रांतीसाठी ठेवावे लागले. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले, की या मुलीने अंगमेहनतीची कामे करू नयेत. हा सल्ला तिने किती पाळला, ते तुम्हाला पुढे कळेलच!

पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती कपड्यांच्या कारखान्यात कामाला लागली. तेथे तिची चार्ली बर्टनशी ओळख झाली. चार्लीला सायकलचे वेड होते. त्याच्या नादाने तीही सायकल चालवू लागली. पहिल्या वर्षी चढ आला, की सोबतचे लोक तिच्या पाठीला हात लावून तिला ढकलत. दुसऱ्या वर्षी ती सर्वांच्या बरोबरीने चालू लागली आणि तिसऱ्या वर्षी सर्वांच्या पुढे! १९५५ मध्ये दोघांचे लग्न झाले. पुढच्याच वर्षी त्यांना डेनिस नावाची मुलगी झाली. बायको आपल्यापेक्षा वेगवान आहे हे ओळखून चार्लीने स्वतःच्या शर्यती बाजूला ठेवल्या. तो तिची सायकल दुरुस्त करी, रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला खाणेपिणे देई आणि मुलीलाही सांभाळी. सर्वच घरांत असे होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे.

बेरिल एका शेतावर मजुरी करत असे. तेथे ऱ्हुबार्ब नावाची भाजी पिकवत. या भाजीच्या लांब, लालसर, आंबट देठांपासून तिकडे गोड पदार्थ करतात. हिवाळ्यात तिच्या मुळांचे जड गड्डे शेतातून खणून काढतात आणि अंधाऱ्या कोठारांत नेऊन ठेवतात. अंधारात देठ लवकर आणि कोवळे वाढतात. खणणे, उचलणे, वाहणे असे हे दिवसभराचे काम. शेताचे मालक निम कार्लाइन हे स्वतः चोवीस तासांच्या सायकल शर्यतीतील नामांकित खेळाडू होते. तरी काम ते कामच! दिवसभर मातीत राबून संध्याकाळी बेरिल सायकलवर टांग टाकी आणि सराव करून आली, की घरचे काम करी. एका मोठ्या सायकल कारखान्याने तिला पैसे देऊ केले होते. ती नाही म्हणाली. पैसे घेतले असते, तर तिला हौशी म्हणून खेळता आले नसते.

आता या शर्यती कशा असतात ते पाहू. शर्यत म्हटली, की सर्वजण एका रेषेवर उभे आहेत आणि शिट्टी वाजताच धावत सुटले आहेत, असे चित्र आपण मनात आणतो. इंग्लंडमध्ये मात्र एक वेगळीच पद्धत रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घोळक्याने धावणाऱ्या सायकलींमुळे रस्त्यावरचे घोडे बुजत आणि पोलीस तक्रार करीत. तेव्हा सायकलस्वारांनी युक्ती काढली. सर्वांनी एकदम निघायचे नाही. एकेक मिनिटाच्या अंतराने एकेकाने निघायचे. तेही भल्या पहाटे, रस्ता रिकामा असताना. घड्याळ घेतलेला माणूस प्रत्येकाची वेळ टिपतो. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला.

या पद्धतीत एक नियम फार कडक असतो. दुसऱ्याच्या पाठीमागे लपून सायकल चालवायची नाही. कारण पुढचा माणूस वारा अंगावर घेतो. त्याच्या मागे चालणाऱ्याला बरेच कमी कष्ट पडतात. जोराचा वारा समोरून येत असताना तुम्ही सायकल चालवली असेल, तर हे तुम्हाला वेगळे समजावून सांगायला नको. येथे मात्र प्रत्येकाचा वारा प्रत्येकाने सोसायचा. शेजारी कोणी नाही, पुढे कोणी नाही. आपण आणि घड्याळ.

वसंत ऋतू लागला, की तिकडे शर्यतींचा हंगाम सुरू होतो आणि उन्हाळा संपून थंडी पडू लागेपर्यंत तो चालतो. बहुतेक शर्यती रविवारी असत. सोमवारी बेरिल पुन्हा शेतावर हजर! हंगामभरात २५, ५० आणि १०० मैलांच्या शर्यतींत स्त्रियांनी गाठलेला वेग एकत्र मोजून वर्षातील सर्वोत्तम सायकलपटू ठरवली जाई. हा मान बेरिलला १९५९ मध्ये मिळाला आणि १९८३ पर्यंत ओळीने पंचवीस वर्षे दुसऱ्या कोणाकडे गेला नाही.

१९६७ साली ती तीस वर्षांची होती. डेनिस अकरा वर्षांची झाली होती. त्या वर्षीची जागतिक स्पर्धा सप्टेंबरच्या सुरुवातीला हॉलंडमधील हेरलेन या गावी झाली. ही शर्यत मात्र सर्वांनी एकत्र निघण्याची होती. बेरिलला घोळक्यात राहून शेवटच्या क्षणी झेप घेण्याचे डावपेच फारसे आवडत नसत. ती सरळ पुढे निघून गेली आणि एकटीच वारा कापत राहिली. दुसऱ्या क्रमांकाची सोव्हिएत रशियाची खेळाडू तिच्यानंतर दीड मिनिटाहून अधिक वेळाने पोहोचली. जगज्जेत्या खेळाडूला इंद्रधनुष्यी पट्ट्यांचा पांढरा सदरा देतात. बेरिलला तो मिळाला, परंतु पैसा मिळाला नाही. ऑलिंपिकमध्ये तर स्त्रियांसाठी सायकल शर्यतच नव्हती. ती १९८४ मध्ये सुरू झाली. तोवर बेरिल सत्तेचाळीस वर्षांची झाली होती.

हेरलेनहून परतल्यावर दोन आठवडे झाले. १७ सप्टेंबर १९६७ रोजी बारा तासांची शर्यत होती. येथे अंतर ठरलेले नसते, वेळ ठरलेला असतो. बारा तास सायकल चालवायची. ज्याचे अंतर जास्त तो पहिला. पुरुषांची आणि स्त्रियांची नोंद वेगवेगळी ठेवतात.

पहाटे एकामागून एक नव्याण्णव पुरुष निघाले. त्यांतील शेवटचा माइक मॅकनामारा. तो नावाजलेला खेळाडू होता. त्याच्यानंतर दोन मिनिटांनी बेरिल निघाली. म्हणजे सर्व पुरुष तिच्या पुढे होते. सकाळ झाली, ऊन आले. चार्ली रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला खाण्यापिण्याच्या वस्तू देत होता. सायकल न थांबवता ती त्या घेत होती. एकेक पुरुष मागे पडत होता. दुपार झाली, तेव्हा पुढे राहिला एकटा मॅकनामारा. तो काही कमी नव्हता. पुरुषांचा जुना विक्रम मोडण्याच्या वाटेवर होता आणि त्या दिवशी त्याने तो मोडलाही.

सुमारे २३५ मैल झाल्यावर बेरिलला तो समोर दिसला. मान खाली घालून तो नेटाने पायडल मारीत होता. अंतर कमी होत गेले. येथे एक विचित्र गोष्ट घडली. तिने पुढे ती आपल्या आत्मचरित्रात लिहिली आहे. त्याला गाठल्यावर तिचा पाय क्षणभर अडखळला. या बिचाऱ्याने आज जीव तोडून सायकल चालवली आहे. आज तोच या शर्यतीचा राजा आहे आणि मी, एक बाई, त्याला मागे टाकून जाऊ? हे बरे दिसेल का? असे तिच्या मनात आले.

जिंकण्यासाठी बारा तास धडपडणाऱ्या माणसाला जिंकण्याचाच संकोच वाटावा, हे थोडे नवल वाटते. परंतु मला वाटते, हा संकोच तिच्या एकटीचा नव्हता. त्या काळच्या कितीतरी बायकांना तो लहानपणापासून शिकवला गेला होता.

काहीतरी बोलले पाहिजे म्हणून तिने खिशात हात घातला. तेथे ज्येष्ठमधाच्या रंगीत गोळ्या होत्या. त्यांतील एक काढून तिने त्याच्यापुढे धरली. मॅकनामाराने ती घेतली, आभार मानले आणि तोंडात टाकली. मग बेरिलने जोर लावला आणि ती पुढे निघून गेली. तिने मागे वळून पाहिले नाही.

बारा तास पूर्ण झाले, तेव्हा बेरिलचे अंतर भरले २७७.२५ मैल. मॅकनामाराचे अंतर होते २७६.५२ मैल. दोघांत पाऊण मैलाचाही फरक नव्हता! एका स्त्रीने पुरुषांच्या विक्रमापेक्षा मोठा विक्रम केला होता. पुरुषांना तो ओलांडायला १९६९ साल उजाडावे लागले. स्त्रियांमधला हा विक्रम तर २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे टिकला. एवढ्या काळात सायकली किती हलक्या आणि सुधारित झाल्या, ते तुम्हीच आठवून पाहा.

पुढच्या वर्षी, १९६८ मध्ये, तिने १०० मैल अंतर चार तासांच्या आत, ३ तास ५५ मिनिटे ५ सेकंदांत पार केले. ती जिंकत राहिली, पण जिंकण्याची ही सवय घरातही आली. १९७६ साली राष्ट्रीय शर्यतीत शेवटच्या काही हातांवर एका तरुण मुलीने तिला मागे टाकले. ती मुलगी म्हणजे तिचीच डेनिस. बक्षीस घेताना आईने लेकीशी हात मिळवला नाही. आपले चुकले, हे तिने नंतर कबूल केले. १९८२ मध्ये या दोघी मायलेकींनी दोघांनी मिळून चालवायच्या एकाच सायकलवर दहा मैलांचा विक्रम केला. पुढे कोण बसले आणि मागे कोण, यावरून त्या भांडल्या की नाही कोण जाणे!

हंगाम येत राहिले, जात राहिले. वय वाढले, वेग कमी झाला. तरी बेरिल सायकलवरून उतरली नाही. ५ मे १९९६ रोजी ती सायकलवर बसून घराबाहेर पडली. एका आठवड्यावर तिचा एकोणसाठावा वाढदिवस आला होता आणि त्याची आमंत्रणे तिला ओळखीच्या लोकांना द्यायची होती. वाटेतच तिचे हृदय बंद पडले.

शब्दार्थ

हौशी – शौकिया. हंगाम – मौसम. बजावणे – ताकीद देणे. सांधे – हाडांचे जोड. गड्डा – जमिनीतील मुळांचा गोळा. कोठार – माल साठवण्याची जागा. डावपेच – चाली. विक्रम – रेकॉर्ड. संकोच – झिजक. ज्येष्ठमध – मुलेठी. इंद्रधनुष्य – धनक.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) डॉक्टरांनी बेरिलला कोणता सल्ला दिला?
(आ) बेरिलने कारखान्याचे पैसे का नाकारले?
(इ) दुसऱ्याच्या मागे सायकल चालवल्यास कष्ट कमी का पडतात?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) मॅकनामाराला गाठल्यावर बेरिलच्या मनात काय आले? तुम्ही तिच्या जागी असता, तर काय केले असते?
(आ) चार्लीने बेरिलला कशी मदत केली?

३. वाक्यांत उपयोग करा : टांग टाकणे, जीव तोडून काम करणे, मागे टाकणे.

४. हकीकत, मेहनत, मजुरी, शर्यत, हौस हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आहेत. त्यांचे उर्दूतील रूप लिहा. कोणत्या शब्दांचा अर्थ मराठीत येताना बदलला, ते शिक्षकांशी बोलून ठरवा.