दोन बोलींची वाटचाल

जगाचा नकाशा पुढे घेऊन आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकावर एक बोट ठेवावे. दुसरे बोट दक्षिण चीनच्या डोंगराळ प्रदेशावर, जेथून पुढे लाओस आणि व्हिएतनाम हे देश सुरू होतात, तेथे ठेवावे. पहिल्या बोटाखाली आफ्रिकान्स भाषा बोलतात आणि दुसऱ्या बोटाखाली ह्मोंग. या दोहींचे कूळ एक नाही. आफ्रिकान्स ही डच भाषेची लेक. त्यामुळे इंग्रजी आणि जर्मन या तिच्या जवळच्या आप्त, तर मराठी फार दूरच्या नात्याची. ह्मोंगचा या कुळाशी काहीच संबंध नाही. परंतु शे-दीडशे वर्षांपूर्वी एका बाबतीत दोघी सारख्याच होत्या. दोघी मुखाने बोलल्या जात, पण शाळेत, कचेरीत किंवा ग्रंथांत त्यांना जागा नव्हती.

आफ्रिकान्सची कथा १६५२ मध्ये सुरू होते. त्या वर्षी डच ईस्ट इंडिया कंपनीने यान फान रीबेक याच्या हाताखाली केपच्या किनाऱ्यावर आपले ठाणे वसविले. तेथे डच वसाहतवाले आले, मूळचे खोईखोई लोक होतेच आणि जावा, मादागास्कर, तसेच आपल्या बंगाल व मलबार या भागांतून धरून नेलेले गुलामही आले. या सर्वांच्या तोंडी डच भाषेची घडी हळूहळू बदलली. डच भाषेत 'मी आहे', 'तू आहेस', 'तो आहे' यांसाठी 'इक बेन', 'येय बेन्ट', 'हेय इस' अशी क्रियापदाची तीन निराळी रूपे आहेत. आफ्रिकान्समध्ये 'एक इस', 'येय इस', 'हेय इस' असे एकच रूप सर्वांना चालते. नकार मात्र ती एकदा देऊन थांबत नाही. 'मी दमलो नाही' हे सांगताना 'एक इस नी मूख नी' असे म्हणतात. म्हणजे 'नाही' हा शब्द दोनदा येतो. केळ्याला 'पीसांग' म्हणतात. हा शब्द डच नव्हे. तो मलायी गुलामांनी दिलेला आहे.

सुशिक्षित लोक या बोलीला 'स्वयंपाकघरातील भाषा' म्हणून हिणवीत. ती प्रथम लिहिली गेली तीही अनपेक्षित ठिकाणी. केपमधील मुसलमानांच्या मदरशांत मुलांना धर्माचे पाठ याच बोलीत देत आणि ते अरबी अक्षरांत लिहीत. तुर्कस्तानच्या सुलतानाने पाठविलेल्या अबू बक्र एफेंदी या विद्वानाचा असा एक ग्रंथ १८७७ मध्ये इस्तंबूल येथे छापला गेला. त्याच सुमारास, १८७५ मध्ये, पार्ल गावी काही गोऱ्या मंडळींनी या भाषेच्या अभिमानाने एक संस्था काढली आणि पुढच्या वर्षी वृत्तपत्र सुरू केले. १९२५ मध्ये आफ्रिकान्स राजभाषा झाली.

ह्मोंग भाषेतही क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. 'मी जातो', 'तू जातोस', 'तो जातो' या तिन्ही ठिकाणी 'मू' एवढाच शब्द येतो. एवढ्यावरून दोन्ही भाषा सारख्याच सोप्या असाव्यात असे वाटेल. पण ह्मोंगमध्ये खरी कसोटी आवाजाची आहे. तिच्यात साधारणपणे सात सूर मानतात. 'पॉ' हा शब्द उंच, सपाट आवाजात म्हटला तर चेंडू, आवाज वर चढविला तर फेकणे, खालच्या सपाट आवाजात काटा आणि श्वास मिसळून म्हटला तर वडिलांची आई. सूर चुकला तर आजीला काटा म्हटल्यासारखे होईल!

ही भाषा लिहावी कशी? ह्मोंग लोक एक जुनी कथा सांगतात. आपल्याकडे पूर्वी ग्रंथ होता, परंतु पळून जाताना तो नदीत बुडाला. कोणी म्हणतात, घोड्यांनी खाल्ला. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत लाओसमधील मिशनऱ्यांनी तिच्यासाठी रोमन अक्षरांची योजना केली. शब्दाच्या शेवटी एक अक्षर ठेवून त्यांनी सूर दाखविला; त्या अक्षराचा उच्चार करावयाचा नसतो. 'ह्मोंग' हे नाव या पद्धतीने एच, एम, ओ, ओ, बी असे लिहितात. यातील 'बी' केवळ उंच सूर दाखविते. हे ठाऊक नसलेला वाचक 'ह्मूब' असे वाचून मोकळा होतो.

दुसरी योजना एका शेतकऱ्याची. शाँग लू यांग याला कोणतीच लिपी वाचता येत नव्हती. तरीही १९५९ मध्ये त्याने 'पाहाव' ही लिपी तयार केली आणि गावोगावच्या लोकांना शिकविली. ती आपल्याला ईश्वराने दिली, असे तो सांगे. या लिपीत व्यंजन आधी उच्चारतात, पण स्वर आधी लिहितात. मराठी मुलाला याचे फारसे नवल वाटू नये. 'कि' लिहिताना वेलांटी तोही आधीच काढतो. त्या काळी लाओसमध्ये युद्ध पेटले होते. नवी लिपी आणि तिच्याभोवती जमणारे लोक यांचा दोन्ही पक्षांना संशय आला. शाँग लू यांगला कैदेत टाकण्यात आले आणि १९७१ मध्ये त्याची हत्या झाली. तो वहीत लिहीत होता ते एवढेच: आपल्या भाषेची अक्षरे.

१९७५ हे वर्ष दोन्ही भाषांच्या इतिहासात येते. त्या वर्षी पार्ल येथे आफ्रिकान्स भाषेचे भव्य स्मारक उभे राहिले. त्याच वर्षी लाओसमधील सत्ता पालटली आणि हजारो ह्मोंग कुटुंबे मेकाँग नदी ओलांडून थायलंडकडे पळाली.

ज्या भाषेला एकदा हिणविले गेले, तिच्याच नावाने आता दुसऱ्यांवर जुलूम होऊ लागला. दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारने कृष्णवर्णीय मुलांनी गणितासारखे विषयही आफ्रिकान्समधूनच शिकावे, अशी सक्ती केली. १६ जून १९७६ रोजी सोवेटो येथील हजारो विद्यार्थी मोर्चाने निघाले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यांत हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा ठार झाला. या घटनेत भाषेचा दोष नव्हता, तो सक्ती करणाऱ्यांचा होता. पण त्या मुलांना तो भेद कोण समजावून देणार? आज आफ्रिकान्स ही त्या देशाच्या बारा राजभाषांपैकी एक आहे आणि ती घरात बोलणाऱ्यांत गोरे नसलेले लोकच अधिक आहेत.

थायलंडच्या छावण्यांत ह्मोंग स्त्रिया 'पांदाउ', म्हणजे फुलांचे कापड, भरीत बसत. पूर्वी या भरतकामात केवळ नक्षी असे. छावणीत त्यांनी त्यावर माणसे काढली: डोंगरावरील घर, विमाने, पाठीवर मूल घेऊन चालणारी आई, रुंद निळी नदी आणि तिच्यात बांबूला धरून पोहणारे लोक. पुढे अनेक कुटुंबे अमेरिकेत गेली. तेथील सेंट पॉल शहरातील काही शाळांत आता ह्मोंग भाषा शिकवितात आणि घरी मुले आजीला योग्य सुरात हाक मारावयास शिकतात.