फिजिक्स करून पुढे काय? आधी विभागाचा सूचनाफलक वाचा

बारावीचा निकाल जवळ आला की शिरढोण-पळस्पे पट्ट्यात घरोघरी एकच विषय निघतो. मार्क चांगले पडले तर इंजिनीअरिंग, थोडे कमी पडले तर फार्मसी. अशात घरातली मुलगी म्हणाली, ‘मला फिजिक्समध्ये बी.एस्सी. करायचंय,’ की वडिलांचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे शेवटी शाळेतच शिकवणार ना?’ काळजी रास्त आहे, कारण पैसा आणि वर्षं घरच्यांची जाणार असतात. पण उत्तर नातेवाइकांकडे मागण्यापेक्षा एखाद्या विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाच्या बातम्या आणि आगामी कार्यक्रम महिनाभर वाचून पाहा.

फलकावर काय शोधायचं?

पहिलं म्हणजे व्याख्यानांच्या सूचना. बाहेरचे शास्त्रज्ञ येऊन बोलतात का, आणि कुठून येतात? वर्षभर फक्त सत्कार आणि स्नेहसंमेलनाच्याच बातम्या दिसल्या तर विचार करा.

दुसरं, प्रकल्पासाठी संशोधन सहायक हवा असल्याच्या जाहिराती. या तर ओळ न ओळ वाचाव्यात. एम.एस्सी. फिजिक्स, नेट किंवा गेट, आणि बहुतेक वेळा ‘प्रोग्रॅमिंग येत असल्यास प्राधान्य’. अशा चार जाहिराती वाचल्या की बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून काय शिकायला हवं, ते आपोआप कळतं.

तिसरं, पीएच.डी.च्या मौखिक परीक्षांच्या सूचना. त्यात प्रबंधाचं नाव असतं. विभागात खरोखर काय काम चालतं याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

काखेत कळसा

शिरढोणच्या मुलांना फिजिक्स म्हटलं की थेट कुलाब्याची टीआयएफआर आठवते. पण भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेलमध्ये, कळंबोली महामार्गालगत आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेकडून आलेला आहे. सप्टेंबर 1859मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे पृथ्वीवर जबरदस्त चुंबकीय वादळ आलं. कुलाब्यात तेव्हा हाताने टिपलेल्या नोंदींत क्षेत्राची तीव्रता सुमारे 1,600 नॅनोटेस्लाने घसरलेली दिसते. त्या वादळाचा जोर मोजताना जगभरचे अभ्यासक आजही या नोंदींचा आधार घेतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागलं. त्यांच्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार, म्हणून 1904मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभारली गेली. इमारतीचा दगडसुद्धा चुंबकीय नाही ना, हे तपासून घेतला होता. असं वादळ आज आलं तर उपग्रह आणि वीजवाहिन्या धोक्यात येतात. म्हणून हे काम करणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञांची गरज वाढलेली आहे, आणि ती आपल्याच जिल्ह्यात आहे.

वर्षाचा आराखडा

28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928मध्ये याच दिवशी रामन परिणामाचा शोध जाहीर झाला. त्या सुमारास अनेक संशोधन संस्था विद्यार्थ्यांसाठी दारं उघडतात. पुण्याची आयुका आणि खोडदची जीएमआरटी दुर्बीण तर जरूर पाहावी. अकरावी-बारावीच्या मुलांनी ऑलिम्पियाडची पहिली फेरी चुकवू नये. ती नोव्हेंबरच्या आसपास असते. पुढच्या फेऱ्यांचं काम पाहणारं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मानखुर्दला आहे, पनवेलहून हार्बरची लोकल थेट जाते.

बारावीनंतर नेस्ट परीक्षा दिली, तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळू शकतो. आयसर पुण्यासाठी वेगळी परीक्षा असते. बी.एस्सी. गावाजवळच्या कॉलेजात केलं तरी दार बंद होत नाही. तिसऱ्या वर्षी जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येतं. अर्ज साधारण सप्टेंबरात, परीक्षा फेब्रुवारीत.

पालकांचा हिशोब

रस्ता लांब आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षं, पीएच.डी.ची आणखी पाच-सहा. मात्र पीएच.डी. करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. नेट-जेआरएफ मिळाली तर 2023पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात, घरभाडं वेगळं. पीएच.डी. नको असेल, तर बीएआरसीच्या प्रशिक्षण शाळेतून वैज्ञानिक अधिकारी होता येतं. प्रशिक्षणातही विद्यावेतन मिळतं. तिसरी वाट वैद्यकीय भौतिकीची. कर्करोगावर किरणोपचार करताना किती मात्रा, कोणत्या कोनातून द्यायची, याचं गणित वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ मांडतो. त्यासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो. टाटा स्मारक केंद्राचं खारघरमधलं ॲक्ट्रेक रुग्णालय पनवेलच्या शेजारीच आहे. आणि शाळेत शिकवायचं ठरलंच, तर तेही मन लावून करण्यासारखं काम आहे.

कॉलेज ठरवण्यापूर्वी एवढं करा. मुलीला घेऊन एका व्याख्यानाला जा आणि शेवटच्या बाकावर बसा. तुम्हाला काही कळलं नाही तरी चालेल. परत येताना गाडीत तिला विचारा, ‘काय सांगितलं त्यांनी?’ ती पनवेल येईपर्यंत बोलत राहिली, तर फॉर्मवर सही करायला हरकत नाही. दोन वाक्यांत आटोपलं, तर दुसऱ्या वाटा मोकळ्या मनाने बघा. तिकिटापलीकडे काही खर्च झालेला नसेल.